आप्पांना शब्द कळावेत म्हणून : गाडीतील स्पीकर बदलण्याच्या नोंदी

२० एप्रिल २०२४

काल चैत्री एकादशी झाली. आप्पा, म्हणजे माझे वडील, कितीतरी वर्षांपासून दर शुद्ध एकादशीला पंढरपूरला जातात. पूर्वी ते एसटीने जात. आता वय ७८ झाल्यामुळे मी किंवा भाचा त्यांना गाडीने नेतो. सोलापूरहून मोहोळमार्गे सुमारे ७५ किलोमीटरचा हा रस्ता ते पेन ड्राइव्हवरची कीर्तने ऐकत कापतात आणि हा वेळ त्यांना देवळातल्या वेळाइतकाच मोलाचा वाटतो. काल मात्र मोहोळ सोडल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने डेक बंद केला. कारण विचारले, तेव्हा म्हणाले, "आवाज येतोय गं, पण शब्द कळंनात. वाढवलं की कानात टोचतंय."

हे एक वाक्य म्हणजे या कामाची संपूर्ण व्याख्या आहे, असे मला वाटते. मागील वर्षी कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आप्पांच्या श्रवणाचा आलेख मी आज पुन्हा पाहिला. १,००० हर्ट्झपर्यंत रेषा बऱ्यापैकी वर आहे आणि तेथून पुढे ४,००० हर्ट्झपर्यंत ती घाटातल्या रस्त्यासारखी उतरत गेली आहे. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात वरच्या कंप्रता, म्हणजे सेकंदाला जास्त कंपने असलेले उंच सूर, आधी जातात. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वरांचा बराचसा भाग खालच्या कंप्रतांत असतो. शब्दाचा अर्थ मात्र व्यंजने सांभाळतात, आणि त्यांतही स, श, त, ट, ख यांसारख्या व्यंजनांची ओळख २,००० हर्ट्झच्या वर ठरते. त्यामुळे आवाज पोहोचतो आणि शब्द निसटतो. अशा कानांना मंद आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज लवकर असह्य होतो, म्हणून नुसता आवाज वाढवून उपयोग नाही.

गाडीतील स्पीकर बदलायचे ठरवले आहे. डेक तोच ठेवायचा, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा नाही, एकूण खर्च ६,००० रुपयांच्या आत ठेवायचा आणि १९ मे रोजी येणाऱ्या मोहिनी एकादशीपूर्वी काम पुरे करायचे, अशा मर्यादा मी घालून घेतल्या आहेत.

२१ एप्रिल २०२४, रविवार

उन्हाच्या आधी, सकाळी साडेसहाला काम सुरू केले. गाडी २०१२ सालची मारुतीची हॅचबॅक असून ती सर्वांत साध्या प्रकारातली आहे. घेतली तेव्हा तिच्यात संगीताचा संच नव्हता. डेक आणि चार स्पीकर आम्ही नंतर बाहेरून बसवून घेतले होते.

दोष डेकमध्ये आहे, तारांत आहे की स्पीकरमध्ये, हे आधी ठरवणे आवश्यक होते, कारण डेकचा एखादा चॅनल गेलेला असेल तर नवे स्पीकरही तसेच वाजतील. डेकमधील बॅलन्स (डावे-उजवे) आणि फेडर (पुढचे-मागचे) फिरवून एका वेळी एकच स्पीकर वाजेल असे केले. मागचा डावा पूर्ण मुका निघाला. पुढचा उजवा खालच्या सुरांवर खरखरत होता आणि पुढचा डावा पांघरुणाआडून बोलल्यासारखा वाजत होता. नंतर डेकच्या मागील तारा आपापसांत बदलून पाहिल्या, तेव्हा खरखर त्या स्पीकरपाशीच राहिली. म्हणजे डेक शाबूत आहे.

या गाडीच्या काचा हाताने फिरवायच्या आहेत. डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, काढण्याआधी काच फिरवण्याचा दांडा काढावा लागतो आणि तो मागे इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या एका बारीक स्प्रिंग-क्लिपने अडकवलेला असतो. स्क्रूड्रायव्हर घालून ओढल्यास पॅडवर ओरखडे पडतात. आप्पांच्या जुन्या धोतराची बोटभर रुंद चिंधी दांड्याच्या आणि पॅडच्या फटीत घालून, दोन्ही टोके धरून बूट पुसल्यासारखी डावी-उजवीकडे ओढली, तेव्हा तिसऱ्या झटक्याला क्लिप टक् करून बाहेर आली. ती उडून मातीत हरवू नये म्हणून खाली परात ठेवली होती आणि क्लिप परातीतच पडली. पॅडच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या क्लिपांपैकी दोन मात्र तुटल्या. बारा वर्षे ऊन खाल्लेले प्लॅस्टिक तुटणारच. जोडीला नव्या क्लिपा आणून ठेवल्याशिवाय हे काम काढू नये.

स्पीकर बाहेर काढताच खराबीचे कारण दिसले. शंकूसारख्या कागदी पडद्याभोवती (त्याला कोन म्हणतात) जी फोमची कडा असते, तिला बोट लावताच ती काळसर भुकटी होऊन हातावर आली. हा फोम उष्णतेने आणि हवेतल्या ओलाव्याने कालांतराने आपोआप विघटित होतो, स्पीकर वाजवा अथवा न वाजवा. सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे दार किती तापते, हे त्याला हात लावलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नवा स्पीकर घेताना कडा रबराची असली पाहिजे, ही पहिली अट येथेच पक्की झाली.

मल्टीमीटरने रोध मोजला. पुढचे दोन्ही ३.४ ओहम दाखवतात, म्हणजे कोन हलवणारी तारेची कॉइल तुटलेली नाही. ४ ओहमच्या स्पीकरचा मीटरवरचा रोध त्याहून थोडा कमीच येतो. मागच्या डाव्याचे परिपथ मात्र खुले आहे.

२३ एप्रिल २०२४

सुधारणा झाली की नाही हे कानाने ठरवताना मन फसवते. विशेषतः पैसे खर्च केल्यानंतर सर्वच चांगले वाटू लागते. कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवताना मुलांना आधी मोजा आणि मग बोला असे मी रोज सांगते, तर येथेही मोजमाप हवे. म्हणून ४० शब्दांच्या सहा याद्या तयार केल्या. प्रत्येक शब्दाचा एक जुळा शब्द असा आहे की, व्यंजन निसटले तर एकाच्या जागी दुसरा ऐकू यावा: सात आणि साठ, पाट आणि पाठ, साल आणि शाल, कार आणि खार, ताक आणि टाक. भाच्याच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले. दर वेळी नवी यादी वापरायची, म्हणजे आप्पांच्या लक्षात राहिलेल्या शब्दांचा हिशेबात शिरकाव होणार नाही.

संध्याकाळी विजापूर रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने, काचा बंद ठेवून, डेकच्या आवाजाचा आकडा १८ वर कायम ठेवून चाचणी घेतली. भाचा गाडी चालवत होता, आप्पा त्याच्या शेजारी बसून ऐकलेला शब्द उच्चारत होते आणि मी मागे बसून लिहून घेत होते. ४० पैकी १९ शब्द बरोबर आले. जुळ्या शब्दांत केवळ अंदाजानेही निम्मे बरोबर येतील, हे लक्षात घेतले तर हा निकाल पूर्ण अंधाराइतकाच आहे.

२४ एप्रिल २०२४

काल मागे बसून ऐकताना मला एक गोष्ट खटकली होती. दोन्ही बाजूंचे स्पीकर सारखेच वाजत असताना बोलणाऱ्याचा आवाज समोरून, डॅशबोर्डच्या मध्यातून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो मात्र कुठूनच येत नव्हता, नुसता पसरला होता. आज पॅड पुन्हा काढून दीड व्होल्टचा साधा सेल डेककडून येणाऱ्या तारांच्या जोडीला क्षणभर लावला. सेलचे धन टोक धन तारेला लावले की स्पीकरचा कोन बाहेर सरकायला हवा. उजव्याचा बाहेर आला आणि डाव्याचा आत गेला.

म्हणजे डाव्या स्पीकरच्या तारा बसवल्या दिवसापासून उलट जोडलेल्या होत्या. एक कोन हवा पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढत होता, त्यामुळे दोन्हीतून एकच आवाज येताना त्याचा खालचा भाग बराचसा परस्परांत नाहीसा होत होता आणि मधला विस्कटत होता. डेकच्या तारांचे रंग तर ठरलेले असतात: पांढरी पुढच्या डाव्याची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची, आणि ज्या तारेवर काळी रेघ ती ऋण. ज्यांनी हे बसवले त्यांनी ती रेघ पाहिली नाही. बारा वर्षे आम्ही पैसे देऊन घेतलेला संच अर्धवट ऐकत होतो, याचे मला खरोखर वाईट वाटले. आप्पांना चांगले ऐकू येत होते, ती वर्षेही त्यांत गेली.

तारा सुलट जोडून, पीळ देऊन नुसती चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे कापून त्यांना नीट डाग दिला. त्याच फाटक्या स्पीकरवर दुसरी यादी वाजवली, तेव्हा २३ शब्द बरोबर आले. नवे स्पीकर घेण्याआधी प्रत्येकाने हा एका सेलचा प्रयोग करावा.

२८ एप्रिल २०२४, रविवार

आज शहरातील तीन दुकाने फिरले. पायोनियर, जेबीएल, सोनी या कंपन्यांचे साडेसहा इंची स्पीकर सगळीकडे मांडलेले होते आणि त्यांच्या शेजारी त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या पेट्यांत निनावी मालही होता. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच आला: "किती वॅटचा पाहिजे?"

या वॅटच्या आकड्याविषयी सविस्तर लिहून ठेवते, कारण कमी पैशांत स्पीकर घेणाऱ्याची सर्वांत मोठी फसगत येथे होते. आमच्या डेकवर ५० वॅट गुणिले ४ असे छापले आहे. गाडी चालू असताना तिच्यात सुमारे १४.४ व्होल्ट असतात. डेकमधील अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरची दोन्ही टोके चालवतो, त्यामुळे हे सर्व व्होल्ट स्पीकरला मिळू शकतात, पण त्याहून अधिक मिळण्याची सोय नाही. ४ ओहमच्या स्पीकरला मिळणारी शुद्ध सुराची शक्ती काढायची तर १४.४ चा वर्ग करून त्याला ८ ने भागायचे. उत्तर जवळजवळ २६ वॅट येते, आणि आतील घट वजा जाता प्रत्यक्षात १८ ते २२ वॅट हाती लागतात. मग ५० हा आकडा आला कुठून? १४.४ च्या वर्गाला ४ ने भागले की ५१.८ येतात. सूर पूर्ण फाटून त्याची चौकोनी लाट झाल्यावर मिळणारी ही शक्ती आहे; ती ऐकण्याजोगी नसते आणि ट्वीटर (उंच सुरांचा लहान स्पीकर) जाळते.

तेव्हा डेककडे २० वॅट आहेत, असे धरून चालले पाहिजे. एका पेटीवर ठळक अक्षरांत ३०० वॅट लिहिले होते आणि बाजूला बारीक अक्षरांत आरएमएस ४० वॅट. पहिला आकडा क्षणिक मर्यादेचा आहे, दुसरा सतत सोसण्याचा. आणि दोन्ही आकडे स्पीकर किती सोसतो हे सांगतात, किती मोठा वाजतो हे सांगत नाहीत. ते सांगणारा आकडा संवेदनशीलतेचा असतो: एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल. आज पाहिलेल्या दोन जोड्यांत एक ९२ डेसिबलची आणि दुसरी ८८ डेसिबलची होती. चार डेसिबलचा फरक म्हणजे अडीचपट शक्ती. पहिली जोडी २० वॅटवर जितकी वाजेल, तितके वाजण्यासाठी दुसरीला ५० वॅट द्यावे लागतील आणि ते आमच्या डेककडे नाहीत. दुसरी जोडी ९०० रुपयांनी महाग होती आणि तिच्यावर वॅटचा आकडाही मोठा होता.

हा आकडा वाचतानाही एक सावधगिरी हवी. काही कंपन्या तो एका वॅटला मोजतात, काही २.८३ व्होल्टला. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट होतो, परंतु ४ ओहमला तेच दोन वॅट होतात आणि आकडा तीन डेसिबलनी फुगतो. म्हणून मोजण्याची पद्धत एकच असेल, तेव्हाच तुलना करावी. कंप्रतेचा पल्ला ३५ ते २०,००० असा छापलेला असतो. त्या पल्ल्यात चढउतार किती डेसिबलचा आहे हे दिलेले नसेल, तर त्याला काहीही अर्थ राहत नाही.

१ मे २०२४

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. भवानी पेठेतील स्पीकर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जुने चारही स्पीकर घेऊन गेले. जयंतीच्या मिरवणुकांतून आलेले अठरा इंची मोठे स्पीकर दारापर्यंत रचलेले होते, तरी त्यांनी माझ्या लहान स्पीकरला वेळ दिला. त्यांनी दोन्ही हातांचे अंगठे कोनाच्या मध्याभोवती समान अंतरावर ठेवले, कोन अलगद आत दाबला आणि कान जवळ नेला. मलाही तसे करायला लावले. वाळू चाळल्यासारखा एक अगदी बारीक आवाज येत होता.

"ताई, फोमची रिंग नवीन बसते, त्याला काय नाही. पण कॉइल घासतीय बघा. ह्यात पैसा घालू नका," असे त्यांनी सांगितले. दुरुस्तीचे काम त्यांना मिळू शकत असताना त्यांनी ते नाकारले, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते. मागच्या डाव्याची कोनाजवळची लवचीक तार तुटली होती, ती ६० रुपयांत जोडून दिली. मागचे दोन्ही कामापुरते चालतील.

आता प्रश्न कोएक्सियल की कंपोनंट हा आहे. कोएक्सियलमध्ये ट्वीटर मोठ्या कोनाच्या मध्यावरच बसवलेला असतो. तो स्वस्त पडतो आणि बसवायला सोपा जातो. परंतु आमच्या दारातील जागा गुडघ्याच्या खाली आहे. ४,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास असते आणि साडेसहा इंची स्पीकरचा कोन त्याहून मोठा असतो, त्यामुळे इतका उंच सूर त्यातून पसरत नाही, टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. मध्यावरचा ट्वीटरही त्याच दिशेला तोंड करून असतो. आप्पांना ज्या व्यंजनांची गरज आहे ती त्यांच्या पोटरीवर आणि सीटच्या कापडावर जाऊन विरतात. म्हणून ट्वीटर वेगळा आणि वर हवा, म्हणजेच कंपोनंट.

८ मे २०२४

मतदानाच्या कामामुळे आठवडाभर हात लावता आला नाही. काल मतदान झाले आणि रात्री उशिरा साहित्य जमा करून घरी आले.

१० मे २०२४

अक्षय तृतीया. आज खरेदी करावी अशी आप्पांची इच्छा होती आणि माझीही हरकत नव्हती.

दोन कंपोनंट संच ६,००० रुपयांच्या हिशेबात बसत होते. पहिल्यात ट्वीटरच्या तारेत फक्त एक कपॅसिटर गुंफलेला होता, त्यावर ४.७ मायक्रोफॅरड लिहिले होते. ४ ओहमच्या ट्वीटरबरोबर त्याची सीमा, म्हणजे जिच्या वरचे सूर ट्वीटरकडे जातात ती कंप्रता, सुमारे ८,५०० हर्ट्झला येते. म्हणजे त्याखालचा सर्व भाग मोठ्या स्पीकरकडेच राहणार आणि ट्वीटर वर बसवूनही व्यंजनांचा मोठा हिस्सा पुन्हा पोटरीकडेच जाणार. दुसऱ्या संचात आगपेटीहून थोडी मोठी क्रॉसओव्हरची, म्हणजे उंच आणि खालचे सूर वेगळे करणारी, डबी होती; आत कॉइल आणि कपॅसिटर दोन्ही आहेत आणि सीमा ४,००० हर्ट्झला आहे. संवेदनशीलता ९१ डेसिबल, कडा रबराची, कोन पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे दारातल्या ओलाव्याने मऊ न पडणारा. किंमत ३,९००. हा घेतला. नामवंत कंपनीची ही सर्वांत खालची मालिका आहे. मॉडेलचे नाव येथे लिहीत नाही, कारण ती नावे सतत बदलतात आणि वरील चार गोष्टी बदलत नाहीत. जीएसटीचे बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटीकार्ड घेतले.

१२ मे २०२४, रविवार

आजचा संपूर्ण दिवस दारांत गेला.

स्पीकर मागून आणि पुढून एकाच वेळी हवा हलवतो. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना भेटली की खालचे सूर तेथेच मरतात. दार ही स्पीकरची पेटी आहे आणि आमच्या पेटीला हात जाईल एवढी दोन भोके आहेत. ब्यूटिल रबराचे, वरून अ‍ॅल्युमिनियमचे पान असलेले पत्रे आणून ती भोके बंद केली आणि बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, स्पीकरच्या बरोबर मागे, दोन-दोन तुकडे चिकटवून रुळाने दाबले. आधी दार बोटाने वाजवले की डबा वाजत होता. आता लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. स्वस्तात डांबरी पत्रेही मिळत होते, परंतु ते येथल्या उन्हात मऊ होऊन ओघळतात.

शेजारचे काका अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यांनी दारात भरण्यासाठी टेरी टॉवेलच्या कातरणांची पिशवी प्रेमाने आणून दिली आणि कापड आवाज शोषते हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. मात्र काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दारात उतरतच असते आणि ते तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे अशी दाराची रचना असते. कातरणे ते पाणी धरून ठेवतील आणि दोन पावसाळ्यांत पत्रा गंजेल. त्यांना हे समजावून सांगितले, त्यांनाही पटले.

खोलीचा हिशेब असा: काच पूर्ण खाली घेतल्यावर दाराच्या पत्र्यापासून काचेपर्यंत ५८ मिलिमीटर, आणि नव्या स्पीकरची खोली ६२. म्हणजे स्पीकर तसाच बसवला असता, तर काच पहिल्यांदा खाली येताच चुंबकावर आदळली असती. मधे १२ मिलिमीटर जाडीची कडी घातली की ८ मिलिमीटर मोकळे राहतात. दुकानात एमडीएफच्या (दाबलेल्या लाकूडभुशाच्या) कड्या मिळतात, पण त्या ओलाव्याने फुगतात. भाजी चिरण्याचा पांढरा प्लॅस्टिकचा जाड बोर्ड २२० रुपयांना आणला आणि सुताराकडून त्यातून दोन कड्या कापून घेतल्या. हे प्लॅस्टिक पाणी पीत नाही आणि स्क्रूही घट्ट धरते. कडी आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची चिकटपट्टी दिली, म्हणजे फटीतून हवा जाणार नाही.

शेवटी दारावरचा पातळ प्लॅस्टिकचा पडदा जसा होता तसा, खालची कडा दाराच्या आत वळवून पुन्हा चिकटवला. पुष्कळ ठिकाणी तो फाडून फेकून देतात. तो नसेल तर दारातले पाणी पॅडवर आणि तेथून पायाखालच्या गालिच्यात उतरते.

१४ मे २०२४

ट्वीटर कायमचे बसवण्याआधी दुहेरी चिकटपट्टीने वेगवेगळ्या ठिकाणी लावून पाहिले. दारात, मोठ्या स्पीकरच्या शेजारी लावले तेव्हा तिसऱ्या यादीतील २८ शब्द बरोबर आले. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात काचेकडे तोंड करून लावले तेव्हा ३१ आले, पण आप्पांना आवाज चरचरीत वाटला. काचेवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळत असावा. दाराबाहेरच्या आरशामागच्या, आतील त्रिकोणी प्लॅस्टिकवर, दोन्ही सीटच्या मध्याकडे तोंड करून लावले तेव्हा ३४ आले. जागा ठरली.

त्यानंतर शेवटच्या यादीच्या वेळी डेकवरील बास तीन पायऱ्यांनी कमी केला. खालचे सूर आणि रस्त्याची घरघर वरच्या सुरांना झाकून टाकतात. वरचे सूर खालच्यांना त्या मानाने फार कमी झाकतात. शब्द ऐकायचे तर बास वाढवणे म्हणजे स्वतःच धूळ उडवून रस्ता शोधणे आहे. ३६ आले. आवाजाचा आकडा पहिल्या दिवसाचाच, १८. चुकलेल्या चारांपैकी तीन शब्द साल-शाल या जातीचे होते; तेवढी उणीव आप्पांच्या कानांची आहे आणि ती कोणताही स्पीकर भरून काढणार नाही.

खर्च असा झाला: संच ३,९००, ब्यूटिलचे पत्रे ८५०, बोर्ड २२०, सुताराची मजुरी १५०, तारा, क्लिपा आणि पट्ट्या ३४०, मागच्या स्पीकरची दुरुस्ती ६०, एकूण ५,५२० रुपये. पत्रे, बोर्ड, सुतार आणि पट्ट्या यांचे पैसे वाचवून त्यात याहून भारी संच घेता आला असता. दुकानदारांचाही सल्ला तोच होता. तो मी मानला नाही आणि पुन्हा करायचे झाले तरी मानणार नाही.

१९ मे २०२४, मोहिनी एकादशी

पहाटे पाचला निघालो. मागचे स्पीकर फेडरने पूर्ण बंद ठेवले होते, कारण मागून येणारा तोच आवाज आप्पांच्या शब्दांवर सांडतो. सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत कोणी काही बोलले नाही. मोहोळ मागे पडल्यावर कीर्तनकारांनी आख्यानात एका शब्दावर कोटी केली आणि भाच्याच्या आधी आप्पा हसले. मग पुढे वाकून त्यांनी डेकचा आवाज १८ वरून १६ वर आणला आणि परत मागे टेकून बसले.

परतीच्या वाटेवर उजव्या ट्वीटरचे त्रिकोणी प्लॅस्टिक खडबडीत रस्त्यावर किणकिणू लागले. घरी आल्यावर त्याच्या मागे फोमची पट्टी दिली, तेव्हा ते थांबले.

९ जून २०२४

पहिला चांगला पाऊस झाला. रात्रभर गाडी मुद्दाम उघड्यावर ठेवली आणि सकाळी दोन्ही डोअर पॅड काढून पाहिले. प्लॅस्टिकच्या पडद्याची आतली बाजू कोरडी होती, कड्यांवर पाण्याचा डाग नव्हता आणि स्पीकरच्या मागचे चुंबक कोरडे होते. डाव्या दाराच्या तळाचे एक छिद्र मात्र मातीने बुजले होते आणि आत पेलाभर पाणी साचले होते. सायकलच्या स्पोकने ते मोकळे केल्यावर पाणी गढूळ धारेने बाहेर पडले. उजव्या दारातील पडद्याचा वरचा कोपरा सुटू लागला होता, तो पुसून, नवी ब्यूटिलची दोरी लावून दाबून बसवला. १८ जूनला निर्जला एकादशी आहे. आप्पांनी पेन ड्राइव्हवर आणखी चार कीर्तने भरून मागितली आहेत.